गोठ्याशेजारची जुनी जीप नेमकी कोणाच्या नावावर? मालकीची साखळी अशी शोधा

मागच्या पावसाळ्यानंतर एका वाचकाने फोटो पाठवला. पत्र्याच्या शेडमध्ये उंच बोनेटची जुनी जीप, वर फाटकी ताडपत्री, मागच्या सीटवर कोंबड्या. खाली मजकूर होता: "आजोबांनी १९८१ च्या आसपास घेतली. आजोबा वारले. शहरातला एकजण दीड लाख द्यायला तयार आहे. कागदाचं मी बघतो म्हणतो. चुलत भाऊ म्हणतात विकून टाका, चुलते म्हणतात हात लावायचा नाही. आरसी बुक सापडत नाही. काय करावं?"

असे प्रश्न वरचेवर येतात. कुठे जीप असते, कुठे ॲम्बेसेडर, कुठे फियाट, तर कुठे जावा नाहीतर जुनी बुलेट. सगळ्यांची गोष्ट साधारण सारखीच. गाडी घरची, चावी घरची, पण ती कागदावर कोणाची हे कोणालाच नक्की माहीत नाही. म्हणून या वाचकाच्या जीपचा माग कसा काढला, ते सविस्तर लिहितो. गाडी दुसरी असली तरी रस्ता हाच.

जमिनीचं उदाहरण घेतलं की पटकन कळतं. जमीन कसतो कोण हा एक भाग, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं हा दुसरा. गाडीचंही तसंच. आरसी म्हणजे गाडीचा सातबारा आणि ट्रान्स्फरची नोंद म्हणजे फेरफार. फेरफार झाला नसेल तर तुम्ही पैसे मोजून चाळीस वर्षं गाडी वापरली तरी परिवहन कार्यालयाच्या रजिस्टरला मालक जुनाच राहतो.

आपल्याकडे हे फार झालंय. त्या काळी गाडी विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायचा, घेणारा ते घडी घालून ट्रंकेत ठेवायचा, आणि "टीटी फॉर्म आहेत आपल्याकडे" यावर निर्धास्त राहायचा. पुढे तेच फॉर्म तिसऱ्याच्या हातात जायचे. अशा तीन-चार व्यवहारांची रजिस्टरला एक ओळही नसते.

आधी नंबर, तोही चासीचा

नंबर प्लेटवरून सुरुवात करायला हरकत नाही, पण प्लेट कोणीही बदलू शकतो. गाडीची खरी ओळख चासी नंबर. जुन्या विलीज बनावटीच्या जीपला तो पुढच्या बंपरच्या मागे चासीच्या डाव्या दांड्यावर आणि बोनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवर शोधायचा. या जीपच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा नंबर पाण्याच्या पंपाच्या मागे, ब्लॉकच्या वरच्या कोपऱ्यात असतो. दुसरी गाडी असेल तर जुन्या मेकॅनिकला विचारा, त्याला जागा पाठ असतात.

नंबर दिसत नसेल तर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. खोदलेला आकडा घासला गेला की गाडीची ओळखच जाते, आणि तपासणीत अधिकाऱ्याला पहिला संशय येतो तो तुमच्यावर. रॉकेलचा बोळा, मऊ ब्रश आणि धीर एवढंच लागतं. नंबर उघडा पडला की त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटतो. असे दोन-तीन छाप काढून ठेवा, मोबाईलवर फोटोही घ्या. आमच्या वाचकाच्या जीपवर रंगाचे चार थर होते. दोन दुपारी त्यात गेल्या, पण आकडे पूर्ण निघाले.

आता प्लेट. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्या सुमारास आत्ताची पद्धत आली: आधी एमएच, मग कार्यालयाचा क्रमांक. पुणे १२, सातारा ११, सोलापूर १३, नाशिक १५, बीड २३, लातूर २४, नांदेड २६ वगैरे. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. महाराष्ट्राचे नंबर एम अक्षराने सुरू व्हायचे. १९६० च्या आधी मुंबई राज्य होतं, तेव्हाचे नंबर बी ने. पण एम दिसला की गाडी आपल्याच राज्यातली असं धरू नका. एमपी असेल तर मध्य प्रदेश, एमवाय असेल तर जुनं म्हैसूर राज्य. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नागपूर पट्ट्यात अशा बाहेरून आलेल्या गाड्या बऱ्याच सापडतात.

यानंतर बघायचं ते रजिस्टर कोणत्या कार्यालयात असेल. इथे बरेच जण चुकतात आणि आजच्या जिल्ह्याच्या कार्यालयात चकरा मारतात. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ ला झाले, लातूर आणि गडचिरोली ऑगस्ट १९८२ मध्ये. नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. तेव्हा लातूरच्या गावातल्या १९७५ च्या गाडीची नोंद उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या दप्तरात शोधावी लागू शकते. जालन्याची औरंगाबादच्या, सिंधुदुर्गची रत्नागिरीच्या. गाडी त्याहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, विदर्भ त्याच वर्षापर्यंत मध्य प्रदेशात, आणि कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानी काळातली मोटार असेल तर पहिली नोंद आजच्या कुठल्याच आरटीओत नसण्याची तयारी ठेवा.

मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघायला पैसे लागत नाहीत. आधी ते करा. नोंद असेल तर पहिल्या नोंदणीची तारीख, वाहनाचा प्रकार, मुदत आणि मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव दिसतं. तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्या मात्र तिथे सापडत नाहीत. याचा अर्थ नोंद नाही असा नव्हे. कागदी रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नाही, एवढाच. कार्यालयात याला बॅकलॉग एंट्री म्हणतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

दप्तरात शोधाशोध

वाचकाच्या घरी आरसी बुक नव्हतं. पण आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा पाच कामाच्या गोष्टी निघाल्या: करभरणीच्या दोन पावत्या, अर्धं फाटलेलं गोल टॅक्स टोकन, विम्याचा एक जुना कागद, सही केलेले दोन कोरे फॉर्म, आणि एका गॅरेजचं बिल. विम्याच्या कागदावर नाव होतं शेजारच्या तालुक्यातल्या एका ठेकेदाराचं.

तुमच्याकडेही अशीच ट्रंक असेल. पूर्वी गाडीचा कर एकरकमी नसायचा, ठरावीक मुदतीने भरायचा आणि टोकन काचेवर लावायचं. त्यामुळे जुन्या घरात या पावत्या हमखास सापडतात. त्यावर कार्यालय, तारीख आणि नंबर तिन्ही असतं. कर्ज घेऊन गाडी घेतली असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आरसीवर चढलेला असतो, आणि तो सुद्धा मागाचा पुरावा आहे.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लालबहादूर शास्त्रींची फियाट. पंतप्रधान असताना त्यांनी १२ हजार रुपयांची ही गाडी घेतली. जवळ ७ हजार होते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेतून ५ हजारांचं कर्ज काढलं. १९६६ मध्ये ते गेले तेव्हा कर्ज बाकी होतं, ते पुढे ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. डीएलई ६ नंबरची ती गाडी आजही दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. घेणारा कोण, पैसे कुठून आले, मागे राहिलेलं कोणी फेडलं, सगळं आज सांगता येतं. आपल्या गाडीबद्दल एवढं कळलं तर अर्धं काम झालं.

पुढची पायरी लेखी अर्जाची. नोंदणी कार्यालयात गाडीचा नंबर, चासी नंबर आणि तुमचा गाडीशी संबंध लिहून नोंदीचा तपशील मागायचा. काउंटरवर याला आरसी पर्टिक्युलर म्हणतात. तोंडी विचारलं तर "रेकॉर्ड जुनं आहे, मिळणार नाही" हे उत्तर ठरलेलं. लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. तरी हललं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र परक्या माणसाची खासगी माहिती मागताय असं दिसलं तर नकार मिळू शकतो. म्हणून वारस म्हणून अर्ज करा, सोबत मृत्यूचा दाखला आणि ट्रंकेतल्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. आमच्या वाचकाने पहिल्या अर्जात नुसतं "माहिती मिळावी" लिहिलं होतं, तो परत आला. दुसरा नीट दिला तेव्हा काम झालं.

रजिस्टरमध्ये निघालं ते असं. जीपची पहिली नोंद एका सरकारी कार्यालयाच्या नावावर, वर्ष १९६८. पुढे निर्लेखित होऊन लिलावात ती ठेकेदाराला गेली, त्याची नोंद व्यवस्थित. आणि तिथेच रजिस्टर थांबलं. आजोबांचं नाव कुठेच नाही. घरच्यांना हे ऐकून धक्का बसला. चाळीस वर्षं "आमची जीप" म्हणत होते, ती कागदावर आजही ठेकेदाराची, आणि ठेकेदारही हयात नाही.

सरकारी किंवा लष्करी लिलावातून गावात आलेल्या जीपगाड्या भरपूर आहेत. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्या देशात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सरकारी खाती हे या जीपचं मोठं गिऱ्हाईक. पुढे जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या आल्या, साखर कारखाने वाढले, आणि साहेबाची जीप म्हणजे हीच. निर्लेखित झालेली गाडी लिलावात घेतली असेल तर विक्रीचा आदेश हाच मालकीचा पहिला कागद. लिलावाच्या गाडीसाठी आज फॉर्म ३२ लागतो. लष्कराची गाडी असेल तर तिला आपल्यासारखा नंबरच नसतो, बाण असलेला वेगळा नंबर असतो. ती पहिल्यांदा नागरी नोंदीत येते तेव्हा लष्कराकडून मिळालेलं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ मूळ स्वरूपात लागतो. जबलपूरच्या कारखान्यातल्या जोंगा गाड्या घेणाऱ्यांनी तर हा कागद आधी बघावा, गाडी नंतर.

मधली कडी गाळता येत नाही

वाचकाचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "आजोबांचे वारस आम्ही आहोत. वारस नोंदीचा फॉर्म भरून थेट आमच्या नावावर करता येईल ना?"

नाही येत. फॉर्म ३१ हा नोंदणीकृत मालक वारल्यावर वारसांनी द्यायचा असतो. आजोबा नोंदणीकृत मालक कधी झालेच नाहीत, मग त्यांच्यामागे वारस नोंद कशाची करणार? कडी तुटलीय ती ठेकेदारापाशी, तेव्हा जोडायचीही तिथूनच. आधी ठेकेदाराच्या वारसांनी फॉर्म ३१ देऊन गाडी आपल्या नावावर घ्यायची, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. मग फॉर्म २९ आणि ३० भरून त्यांनी ती तुमच्यापैकी एकाच्या नावावर करून द्यायची. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ वर तो उतरवणं, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ट्रंकेतल्या त्या कोऱ्या सह्यांचा इथे उपयोग नाही. सही करणारा वारला, त्या फॉर्मवर आज तारीख टाकून वापरणं म्हणजे सरळ बनावट कागद. एजंट सांगेल की चालतं. ऐकू नका.

ठेकेदाराचा नातू सापडला. शोधला कसा, तर विम्याच्या कागदावरच्या गावात जाऊन, पारावर विचारून. यासाठी अजून कोणतं ॲप निघालेलं नाही. पहिल्या भेटीत तो बिचकला. "चाळीस वर्षांनी आलात, आता आमच्या अंगावर काय टाकताय?" त्याची भीती खरी होती, फक्त उलट्या बाजूने. नाव काढून घेतल्याने त्याच्या अंगावरचं ओझं उतरणार होतं.

सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे असं करत अनेक हातांत गेली, पण रजिस्टरला नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी कधीच विकली होती हे म्हणणं चाललं नाही. कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवण्याची मुदत आहे. मालक वारला तर वारसांनी ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नावावर करून घ्यायची असते. ही मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही, दंड आणि थकीत कर मात्र भरावा लागतो.

हे मोबाईलवर वाचून दाखवल्यावर नातवाने स्वतःच विचारलं, "सही कुठं करायची?"

वारस सापडलेच नाहीत किंवा सही द्यायला तयार नसतील तर गोष्ट अवघड होते. तेव्हा जवळचे सगळे पुरावे घेऊन नोंदणी अधिकाऱ्याला लेखी भेटा आणि वकिलाचा सल्ला घ्या. मधला शॉर्टकट सांगणारे भेटतील. कुठल्या तरी भंगारात गेलेल्या जीपचे कागद आणून तुमच्या चासीवर तो नंबर ठोकून देतो म्हणतील. हा सरळ गुन्हा आहे, आणि तपासणीत खोटा पंच लगेच ओळखू येतो. तुम्ही स्वतः जुनी गाडी विकत घेत असाल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर चोरीची नोंद आहे का ते आधी बघा.

कागद आणि गाडी जुळतात का

नोंद हातात आली की ती गाडीशेजारी धरून एकेक ओळ ताडून बघा. वर्षं खोटं बोलत नाहीत. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकात आलं, त्याआधी कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातली गाडी फियाट ११०० म्हणून विकली जायची. तेव्हा कोणी "१९६५ ची पद्मिनी" म्हणून कागद दाखवला तर तिथेच थांबा. ॲम्बेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ ला बंद झाली, तीही मार्क १, २, ३, ४ अशी बदलत गेली. पुढची जाळी आणि डॅशबोर्ड बघून जाणकाराला काळ सांगता येतो. म्हैसूरची जावा १९६१ च्या आधीची असू शकत नाही.

आमच्या वाचकाच्या जीपमध्ये चासी नंबर जुळला, इंजिन नंबर नाही. आजोबांनी पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं होतं. गॅरेजचं ते बिल त्याचंच. असं इंजिन बदलणं गावोगाव झालंय, पण त्याची आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. इथे ती नव्हती.

आणि याच इंजिनामुळे दीड लाखाच्या गोष्टीला वेगळं वळण लागलं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. जुनी नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, फेरनोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. अर्जासोबत विमा आणि जुनी आरसी लागते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

१९६८ ची जीप वयाने बसते. डिझेल इंजिनामुळे बसत नाही. मूळ पेट्रोल इंजिन मिळवून बसवलं तर विचार करता येईल. शहरातला गिऱ्हाईक "कागदाचं मी बघतो" का म्हणत होता, याचा अंदाज आता तुम्हाला आला असेल. त्याच्या दृष्टीने तीन अक्षरी जुना नंबर आणि तुटलेली साखळी हाच स्वस्तात घेण्याचा मोका होता. माझं स्पष्ट मत असं की साखळी पूर्ण होईपर्यंत बयाणा घेऊ नये, चासी नंबरचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नये, आणि घरातल्या घरात एका कागदावर कोणाच्या नावावर घ्यायची ते सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवावं. भावकीतली भांडणं आरटीओच्या काउंटरवर सुटत नाहीत.

व्हिंटेज न करता साधी वापरायची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. पहिली १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी, फॉर्म २५ वर. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि जुन्या गाड्यांची फी अलीकडे बरीच वाढली आहे. आकडा अर्ज करायच्या दिवशीच परिवहन सेवा पोर्टलवर बघून घ्या. गाडी खरंच मोडीत काढायची असेल तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी वितळून जाते आणि नंबर दुसरीकडे फिरत राहतो.

आमच्या वाचकाच्या घरी सध्या अशी स्थिती आहे: ठेकेदाराच्या वारसांचा फॉर्म ३१ दाखल झालाय, पोहोच मिळालीय. गाडी चुलत्यांच्या नावावर घ्यायचं चौघा भावांनी लिहून ठेवलंय. मूळ इंजिनाचा शोध चालू आहे, एका जुन्या गिरणीत तसलं एक इंजिन पडून आहे म्हणतात. शहरातल्या गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन आला होता, आकडा थोडा वाढवून. चुलत्यांनी फोन घेतला नाही, त्या दिवशी ते सीटवरच्या कोंबड्यांसाठी बाजूला नवं खुराडं बांधत होते.